जिंकणारा संघ अर्ध्यावर सोडून कोच का जातो? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ‘चांगल्या नोकरी’चं गणित

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे. त्या दिवशी तिथल्या विमानतळाच्या कुंपणाशी माणसं जमली होती, आणि ती निरोप द्यायला आलेली नव्हती. शिव्या घालायला आली होती. गावच्या विद्यापीठाचा फुटबॉल कोच लेन किफिन विमानात बसून शेजारच्या राज्यातल्या प्रतिस्पर्धी विद्यापीठात चालला होता.

कोचनं हरत चाललेला संघ सोडला असता तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी, म्हणजे सगळे जिला ‘ओल मिस’ म्हणतात तिचा संघ त्या मोसमात बारापैकी अकरा सामने जिंकला होता. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत संघाची जागा जवळपास पक्की होती, आणि ओल मिस तिथे पूर्वी कधी पोचली नव्हती. किफिन गेला लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडे, म्हणजे एलएसयूकडे. त्यांनी त्याच वर्षी सात जिंकले होते आणि पाच हरले होते, आणि महिनाभरापूर्वी स्वतःच्या कोचला नारळ दिला होता. बाद फेरी संपेपर्यंत मी इथेच कोच राहतो, अशी किफिनची इच्छा होती. ओल मिसनं साफ नाही म्हटलं.

करार सात वर्षांचा, वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. रुपयांत वर्षाला एकशे दहा कोटींच्या वर. साहजिकच कुणीही म्हणेल की पैशासाठी गेला. पण ओल मिसही जवळपास तेवढेच मोजायला तयार असल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. मग एलएसयूत असं काय आहे, जे अकरा सामने जिंकलेल्या संघाकडे नाही?

## आधी थोडा पसारा समजून घेऊ

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून, एकमेकांना धडका देत खेळायचा अमेरिकन खेळ. त्याची व्यावसायिक लीग एनएफएल. पण अमेरिकेच्या दक्षिणेत आणि मध्य भागात लोकांचा जीव जास्त अडकतो तो विद्यापीठांच्या संघांत. वरच्या पातळीवर १३६ विद्यापीठं खेळतात, आणि त्यांतली साधारण निम्मी खऱ्या अर्थानं श्रीमंत आहेत.

एमएस करायला गेलेली मराठी मुलं हे पहिल्याच सप्टेंबरात पाहतात. पेन स्टेट विद्यापीठाच्या गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, आणि स्टेडियम १ लाख ६ हजार माणसांचं. शनिवारी सामना असला की बसचे मार्ग बदलतात, पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटतात, आणि किराणा आणायला निघालेल्यांना दोन मैलांसाठी तास लागतो. मिशिगनचं स्टेडियम याहून मोठं. एलएसयूचंही लाखाच्या वरचं.

आता कॉन्फरन्स हा शब्द. आपसात सामने खेळणारा आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणारा विद्यापीठांचा गट म्हणजे कॉन्फरन्स. मोठ्या चार आहेत. त्यांतही दोन बाकीच्यांच्या फार पुढे: दक्षिणेतली एसईसी आणि मूळची मध्य-उत्तरेतली बिग टेन. या दोघींच्या बाहेर असलेल्या विद्यापीठाची टीव्हीची कमाई लगेच खाली येते. एसईसीनं २०२३-२४ च्या वर्षात एकेका सदस्याला सरासरी ५ कोटी डॉलरच्या वर वाटले.

या सगळ्याच्या टोकावर हेड कोच असतो. मैदानावर डावपेच आखणं हा त्याच्या कामाचा लहान भाग. असिस्टंट कोच नेमणं, शाळांमधून खेळाडू मिळवणं, असलेले खेळाडू पळून जाणार नाहीत हे पाहणं, देणगीदारांबरोबर जेवणं, पत्रकारांसमोर बसणं, हे सगळं त्याच्याच गळ्यात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीशी नातं असलेल्या नोकरदारांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालाचा नसतो, कुलगुरूचाही नसतो. तो फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या कोचचा असतो.

## चांगली नोकरी ओळखायची कशी?

माझी व्याख्या साधी आहे. जिथे बेताचा कोचही जिंकू शकतो, ती चांगली नोकरी. जिथे जिंकायला असामान्य माणूस लागतो, ती वाईट. पगार दोन्हीकडे सारखा असू शकतो.

या व्याख्येवर एलएसयू तपासून पाहा. निक सेबन तिथे २००३ मध्ये अजिंक्य ठरला. तो गेला, लेस माइल्स आला, २००७ मध्ये अजिंक्य ठरला. त्याला काढलं, एड ऑर्जरॉन आला, आणि २०१९ मध्ये पंधरापैकी पंधरा सामने जिंकून अजिंक्य ठरला. लागोपाठ तीन कोच, तिघांचे स्वभाव आणि शैली वेगळ्या, आणि तिघांच्याही हाती राष्ट्रीय करंडक.

सेबन थोर होताच, पुढे अलाबामात त्यानं आणखी सहा अजिंक्यपदं मिळवली. पण बाकीच्या दोघांचं दुसरीकडचं पुस्तक उघडा. माइल्स नंतर कॅन्ससला गेला आणि दोन मोसमांत ३ जिंकून १८ हरला. ऑर्जरॉनची गोष्ट तर याहून बोलकी. एलएसयूच्या आधी, २००५ ते २००७, तो हेड कोच होता ओल मिसचाच. तिथला हिशेब: १० विजय, २५ पराभव. माणूस तोच. दोन्ही विद्यापीठं त्याच एसईसीत. दोन गावांमध्ये गाडीनं अर्ध्या दिवसाचं अंतर.

किफिनला हा इतिहास तोंडपाठ असणार. ओल मिसनं एसईसीचं विजेतेपद शेवटचं मिळवलं १९६३ मध्ये. तिथे त्यानं सहा वर्षांत जे उभं केलं ते त्याच्या स्वतःच्या बळावर होतं, आणि तीच अडचण होती. एक वर्ष अंदाज चुकला, दोन चांगले असिस्टंट गेले, की घसरगुंडी सुरू. एलएसयूत जागाच तुम्हाला थोडं धरून ठेवते, असा हा हिशेब.

## ऊस कुणाच्या शिवारात आहे?

जागा धरून ठेवते म्हणजे काय? सहकारी साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक कितीही हुशार असो, त्याचं निम्मं नशीब कारखाना जिथे उभा आहे तिथेच ठरलेलं असतं. आसपास पाण्याखालचं रान किती, ऊस किती, आणि तो पळवायला शेजारी किती कारखाने टपलेले आहेत. लांबून ऊस आणायचा तर वाहतूकच खाऊन टाकते आणि वाटेत उतारा घसरतो. कॉलेज फुटबॉलमध्ये ऊस म्हणजे शाळेतले सतरा-अठरा वर्षांचे खेळाडू. त्यांना आपल्याकडे यायला राजी करणं, याला रिक्रूटिंग म्हणतात.

लुईझियानाची लोकसंख्या ४६ लाखांच्या घरात. मुंबईच्या निम्मीही नाही. पण लोकसंख्येच्या मानानं एनएफएलला खेळाडू पुरवण्यात हे राज्य कायम वरच्या रांगेत असतं, आणि अख्ख्या राज्यात मोठ्या कॉन्फरन्समधलं विद्यापीठ एकच आहे: एलएसयू. न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीत वाढणाऱ्या मुलाच्या खोलीत, त्याच्या बापाच्या टोपीवर, चर्चबाहेरच्या गप्पांत तोच जांभळा-सोनेरी रंग. कोचनं दार वाजवण्याआधी निम्मं काम झालेलं असतं.

आता मिसिसिपी. लोकसंख्या ३० लाखांहून कमी, आणि त्यात एसईसीची दोन विद्यापीठं, ओल मिस आणि मिसिसिपी स्टेट. वर चारही बाजूंनी अलाबामा, एलएसयू, टेनेसी येऊन ऊस तोडून नेणार. अलाबामातही दोन विद्यापीठं आहेत. टेक्ससमध्ये तर मोठ्या कॉन्फरन्समधली सात आहेत, पण तिथे रान तीन कोटी लोकांचं आहे, सगळ्यांना थोडं थोडं पुरतं.

रिक्रूटिंग जवळून पाहिलं तर जरा गंमतीचं आणि जरा केविलवाणं दिसतं. वर्षाला कोट्यवधी डॉलर घेणारा पन्नाशीचा माणूस शुक्रवारी रात्री हेलिकॉप्टरनं एखाद्या शाळेच्या मैदानाशेजारी उतरतो, म्हणजे अकरावीतल्या एका पोराला दिसावं की आपण त्याच्यासाठी आलो. मग त्याच्या घरी सोफ्यावर बसून आईनं केलेलं खातो, आजीशी बोलतो, धाकट्या भावाला टोपी देतो. ही मेहनत सगळेच करतात. फरक इतकाच, की एलएसयूचा कोच तासभर गाडी चालवून घरी परत जातो आणि नेब्रास्काचा कोच विमान पकडतो.

## नेब्रास्का: सगळं आहे, ऊस नाही

नेब्रास्काचं नाव घेतलंच आहे तर थोडं थांबू, कारण नुसत्या परंपरेनं पोट भरत नाही हे इथे स्पष्ट दिसतं. पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं, त्यांतली तीन १९९४ ते १९९७ या चार वर्षांत. १९६२ पासून घरचा प्रत्येक सामना हाऊसफुल्ल. सामन्याच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, आणि आकडे पाहता ते खोटं नाही. बिग टेनचा पैसा आहे. राज्यात दुसरा प्रतिस्पर्धी नाही.

पण राज्य २० लाखांचं, थंड, आणि मोठमोठ्या शाळांच्या संघांपासून दूर. २००३ मध्ये त्यांनी नऊ सामने जिंकून तीनच हरलेल्या फ्रँक सोलिचला काढलं, कारण नऊ विजय कमी वाटले. त्यानंतर कोचामागून कोच आले. कॉन्फरन्सचं शेवटचं विजेतेपद १९९९ चं आहे. अपेक्षा अजिंक्यपदाच्या आणि साधनं मध्यम संघाची, ही कोचसाठी सर्वांत वाईट जोडी. कमी अपेक्षा असलेली लहान जागा त्यापेक्षा परवडते.

## आता खेळाडूंनाही पैसे मिळतात, आणि इथेच गणित फिरलं

वर्षानुवर्षं नियम असा होता की विद्यार्थी-खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायचं नाही. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. त्याच वर्षी विद्यापीठ बदलल्यावर एक मोसम बाहेर बसायची अटही पहिल्या बदलासाठी गेली, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला, हरकत नाही. विद्यापीठ सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं ज्या यादीत चढतात तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. पुढे जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्यातली तडजोड न्यायालयानं मंजूर केली आणि जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सगळ्या खेळांसाठी मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा अर्थातच फुटबॉलचा. जाहिरातीचं उत्पन्न त्याच्या बाहेर, म्हणजे ज्याचे देणगीदार दांडगे त्याचा हात वरच.

या देणगीदारांना बूस्टर म्हणतात. ओरेगनच्या मागे नायकेचा सहसंस्थापक फिल नाइट उभा आहे. टेक्सस टेक पश्चिम टेक्ससच्या कोरड्या सपाटीवरचं विद्यापीठ, तिथे हौसेनं कोण जाणार? पण त्यांच्याच संघातून खेळलेला आणि तेलात अब्जाधीश झालेला कोडी कॅम्बेल मागे उभा राहिला, पोर्टलमधून संघ उभा केला, आणि २०२५ मध्ये विद्यापीठानं बिग ट्वेल्व्ह ही आपली कॉन्फरन्स पहिल्यांदाच जिंकली.

त्यामुळे नोकरीसाठी बोलणी करणारा कोच आज पगाराआधी दुसराच प्रश्न विचारतो: खेळाडूंसाठी वर्षाला किती देणार, आणि ते लेखी देणार का? स्वतःच्या पगारातले दहा लाख कमी घेऊन ते असिस्टंटच्या किंवा खेळाडूंच्या खात्यात टाकून घेणं, यात आता शहाणपणा मानला जातो. चांगला क्वार्टरबॅक नसेल तर तुमचा पगार तीन वर्षंच चालणार आहे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार.

बाद फेरीही बदलली. २०२४ पासून तिथे चारऐवजी बारा संघ जातात. पूर्वी एक पराभव झाला की धाकधूक, दोन झाले की वर्ष संपलं. आता दोन पराभव पचतात. याचा सर्वांत जास्त फायदा वरून दहाव्या-विसाव्या क्रमांकाच्या नोकऱ्यांना झाला.

## “पण एवढा पगार असताना जागा कशाला पाहायची?”

पगार मिळतोच. किंबहुना हरल्यावर जास्त मिळतो, असं कुणी चिडून म्हटलं तर ते फारसं चुकीचं नाही.

बायआउट म्हणजे करार संपायच्या आत कोचला काढलं तर त्याला द्यावी लागणारी भरपाई. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमनं जिम्बो फिशरला काढलं, भरपाई साडेसात कोटी डॉलरच्या वर, म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून जास्त. फिशरच्या करारात आणखी एक सोय होती: दुसरीकडे नोकरी मिळाली तरी भरपाईतून एक पैसा कापायचा नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटनं जेम्स फ्रँकलिनला काढलं, देणं सुमारे ४.९ कोटी डॉलर. एलएसयूनं ब्रायन केलीला काढलं, देणं सुमारे ५.४ कोटी. फ्रँकलिनच्या करारात मात्र नव्या नोकरीचा पगार वजा करायची अट होती. तो लवकरच व्हर्जिनिया टेकला रुजू झाला आणि पेन स्टेटचं देणं ९० लाखांवर मिटलं.

मग कोचला चिंता कशाची? पैशाची नसतेच. या पातळीवर पोचलेला माणूस पंचविसाव्या वर्षापासून रात्री दोन वाजेपर्यंत सामन्यांचे व्हिडिओ पाहत आलेला असतो, बहुतेकदा घरात बापही कोच असतो. त्याला करंडक हवा असतो. भरपाई घेऊन घरी बसलेल्या केलीला २०२१ मध्ये नोत्र दाम हे विद्यापीठ सोडून एलएसयूला खेचणारी गोष्टही करंडकच होती. तिथे त्याला ३४ विजय मिळाले आणि १४ पराभव. दुसऱ्या कुठल्याही गावात पुतळा उभारला असता. एलएसयूत आधीच्या तिघांनी करंडक आणलेला, म्हणून हे अपयश ठरलं. बेताचा कोचही जिंकू शकतो अशा जागेची ही दुसरी बाजू: तिथे हरायला निमित्त उरत नाही.

## डोक्यावर किती जण बसलेत?

नोकरीतला हा भाग जाहिरातीत कधी दिसत नाही. कागदावर कोचचा वरिष्ठ एकच असतो, ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख. प्रत्यक्षात कुलगुरू, विश्वस्त, दोन-चार मोठे बूस्टर आणि कधी कधी थेट राज्यपाल.

केलीला काढल्यानंतर तीनच दिवसांत लुईझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री यांनी पत्रकारांसमोर जाहीर करून टाकलं की पुढचा कोच ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी वुडवर्ड पदावरून गेले. केलीच्या भरपाईवरूनही वाद झाला, तो कोर्टापर्यंत पोचला आणि शेवटी विद्यापीठाला पूर्ण भरपाईची जबाबदारी मान्य करावी लागली. इतर ठिकाणी हे पाहून कोच मंडळींनी पाठ फिरवली असती.

लुईझियानाला यात नवल नाही. १९३४ मध्ये ह्यूई लाँग हा राज्याचा सर्वेसर्वा मध्यंतरात एलएसयूच्या खेळाडूंना भाषण द्यायला निघाला, कोच बिफ जोन्स यांनी आत येऊ दिलं नाही, आणि त्या दिवसानंतर जोन्स यांची तिथली कारकीर्द संपली. म्हणजे राजकारण्यांची लुडबुड नव्वद वर्षांपासून आहे आणि करंडकही आले आहेत. किफिननं हे गृहीत धरलेलं असणार. राज्यपालांना कोच हवाच होता, हीही एक प्रकारची ताकद. एलएसयूनं तर ओल मिसच्या बाद फेरीतल्या यशाबद्दल किफिनला तिथे मिळाला असता तो बोनसही स्वतःच्या खिशातून द्यायचं कबूल केलं. सोडून आलेल्या संघाच्या विजयाचे पैसे नव्या मालकाकडून! गंमत म्हणजे तो संघ किफिनशिवाय उपांत्य फेरीपर्यंत गेला, वाटेत जॉर्जियाला हरवून.

## “जागा एवढी महत्त्वाची, तर इंडियाना कशी जिंकली?”

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आतापर्यंतची माझी व्याख्या त्यानं हलते.

इंडियाना बास्केटबॉलचं विद्यापीठ. फुटबॉलमध्ये मोठ्या विद्यापीठांपैकी सर्वाधिक पराभव कुणाचे, या प्रश्नाला वर्षानुवर्षं उत्तर असायचं इंडियाना. २०२४ च्या आधी एका मोसमात दहा विजय त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे आले ६२ वर्षांचे कर्ट सिग्नेटी, जेम्स मॅडिसन या तुलनेनं लहान विद्यापीठातून. खेळाडूंना तुमचं म्हणणं कसं पटवता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की मी जिंकतो, गूगल करून पाहा. पहिल्या वर्षी ११ विजय. दुसऱ्या वर्षी सोळापैकी सोळा, बाद फेरीत अलाबामाला ३८-३ आणि ओरेगनला ५६-२२ अशी धूळ चारून १९ जानेवारी २०२६ ला मायामीविरुद्ध २७-२१ असं राष्ट्रीय अजिंक्यपद.

ऊस कुठून आला? मुख्यतः पोर्टलमधून. सिग्नेटींबरोबर जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू आले. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आला कॅलिफोर्नियातून, आणि त्यानं देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळवला. शाळेत असताना यांतल्या बहुतेकांच्या दारी कुणाचं हेलिकॉप्टर उतरलं नव्हतं. सिग्नेटींनी बावीस-तेवीस वर्षांची, तीन-चार वर्षं खेळून पक्की झालेली मुलं निवडली. शिवाय इंडियाना बिग टेनमध्ये, म्हणजे टीव्हीचा पैसा मिशिगनइतकाच. माजी विद्यार्थ्यांची संख्या प्रचंड, त्यांत मार्क क्युबनसारखा अब्जाधीश. आणि वर बसलेल्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नसल्याचा मोठा फायदा: कुणी मध्ये पडलं नाही.

म्हणून मी आता व्याख्येत दुरुस्ती करतो. शिवार अजूनही लागतंच, पण ते नकाशावर असायला हवं असं राहिलं नाही. श्रीमंत कॉन्फरन्समधली जागा, पुरेसा खेळाडू-निधी आणि कुलगुरूपासून बूस्टरपर्यंत सगळ्यांचं एकमत, एवढं असेल तर पूर्वीची रद्दी नोकरी आज उत्तम ठरू शकते. यातली कॉन्फरन्स सर्वांत निर्दयी. २०२३-२४ मध्ये पश्चिम किनाऱ्याची पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स फुटली, बारापैकी दहा विद्यापीठं दुसरीकडे गेली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट मागे राहिली. तिथला मुख्य कोच काल ज्या नोकरीत होता ती आज दुसऱ्याच पायरीवर होती, त्याची काही चूक नसताना.

तरी एक इंडियाना पाहून जुने नियम मोडीत निघाले असं मला वाटत नाही. सिग्नेटी बेताचे कोच नाहीत. त्यांच्या जागी दुसरा कुणी आला आणि तोही जिंकला, तर इंडियाना चांगली नोकरी झाली असं म्हणू.

## “हे पैसे विद्यार्थ्यांच्या फीमधून जातात का?”

मराठी पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, कारण मुलाची फी डॉलरमध्ये तेच भरतात. बड्या विद्यापीठांत फुटबॉलचा खर्च बहुतांशी तिकिटं, टीव्ही आणि देणग्यांतून निघतो, आणि मोठ्या भरपाया सहसा बूस्टरच उचलतात. उलट लहान विद्यापीठांत, जिथे स्टेडियम अर्धं रिकामं असतं, तिथे खेळांच्या नावानं विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतलं जातं. म्हणजे ज्यांच्या बातम्या येतात त्यांचा भार मुलांवर कमी, ज्यांच्या येत नाहीत त्यांचा जास्त. पण त्याच देणगीदारानं पाच कोटी डॉलर कोचला घरी बसवायला न देता प्रयोगशाळेला दिले असते तर, हा प्रश्न उरतोच. त्यावर दक्षिणेतलं खरं उत्तर असं आहे की त्यानं ते प्रयोगशाळेला दिलेच नसते.

## पेन स्टेटला नाही म्हणणारा माणूस

कागदावर पेन स्टेटची नोकरी पहिल्या दहांत धरतात. लाखाचं स्टेडियम, बिग टेनचा पैसा, पेनसिल्व्हेनियातले खेळाडू. फ्रँकलिननं १०४ सामने जिंकून ४५ हरले होते आणि त्याच जानेवारीत संघाला राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेलं होतं. तरी मोसमाच्या मध्यात त्याला काढलं, मुख्यतः मोठ्या संघांसमोर हरतो म्हणून. मग शोध सुरू झाला आणि लांबतच गेला. ज्यांची नावं चर्चेत आली ते एकेक जण आपापल्या विद्यापीठाकडून पगारवाढ घेऊन जागच्या जागी बसले.

शेवटी गाडी आली कलानी सिताके यांच्यापाशी. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी हे यूटामधलं मॉर्मन चर्चचं विद्यापीठ. तिथे हेड कोच व्हायला त्या पंथाचं असावं लागतं, दारू-कॉफीला बंदी, खेळाडूंपैकी अनेक जण दोन वर्षं धर्मप्रचाराला जाऊन आलेले. बाहेरच्या कुठल्याही कोचला ही नोकरी चालवताच येणार नाही. सिताके टोंगात जन्मलेले, त्याच पंथाचे, त्याच विद्यापीठाकडून खेळलेले. पेन स्टेटचा प्रस्ताव आल्यावर विद्यापीठाचे बूस्टर धावले, त्यांत क्रम्बल या कुकी-कंपनीचा सहसंस्थापक पुढे होता, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सिताके यांनी यूटातच राहायचं ठरवलं.

पेन स्टेटला त्या आठवड्यात त्याची किंमत लगेच कळली. शाळेतले खेळाडू विद्यापीठांशी करार करतात तो दिवस ३ डिसेंबरला होता. कोचच नसलेल्या पेन स्टेटशी त्या दिवशी सही केली फक्त दोघांनी. फ्रँकलिननं जमवलेली बरीच मुलं त्याच्या मागोमाग व्हर्जिनिया टेकला गेली. जागा ५४ दिवस रिकामी राहिल्यावर आयोवा स्टेटचा मॅट कॅम्बेल आला. त्याच्या पाठोपाठ जानेवारीत पोर्टलमधून त्याच्या जुन्या विद्यापीठाचे वीसहून जास्त खेळाडू पेन स्टेटला दाखल झाले, क्वार्टरबॅक रॉको बेक्टसकट. आयोवा स्टेटनं घेतलेल्या नव्या कोचपुढे मग पहिलं काम होतं संघ पुन्हा माणसांनी भरायचं.